अपघात झालेल्या गाडीला वाढीव वॉरंटी: गोव्यातल्या साखळी इथल्या एका प्रकरणाचा अभ्यास

गाडीला एकदा अपघात झाला की एक्स्टेंडेड, म्हणजे मूळ मुदतीनंतरची वाढीव, वॉरंटी विसरायची, असं बहुतेक गाडीवाले धरून चालतात. शोरूमच्या काउंटरवरही हेच सांगितलं जातं, आणि तेही इतक्या सहज की पुढे कोणी विचारतच नाही. वॉरंटीची पुस्तिका मात्र असं म्हणत नाही. अपघातामुळे झालेलं नुकसान आणि त्यातून उद्भवलेला बिघाड वॉरंटीत येत नाही, एवढंच तिच्यात लिहिलेलं असतं. अपघात झालेली गाडीच वॉरंटीला अपात्र ठरते, हा त्याचा अर्थ नव्हे. हा फरक एका माणसाच्या चिकाटीमुळे कागदावर कसा उतरला आणि पुढे खऱ्या बिघाडात तो कसा कामाला आला, ते इथे सविस्तर मांडतो.

गाडी साखळीतल्या एका शिक्षिकेची. आमच्या भागात सगळे त्यांना बाई म्हणूनच ओळखतात, म्हणून इथेही बाईच म्हणतो. मी मोटार विम्याच्या नुकसानीचे सर्व्हे करण्यात बरीच वर्षं घालवली आहेत. या गाडीचा सर्व्हे माझ्याकडे नव्हता. वॉरंटीला नकार मिळाल्यावर बाई कागद घेऊन माझ्याकडे आल्या, तेव्हापासून मी या प्रकरणात आहे.

गाडी आणि धडक

पेट्रोलवर चालणारी छोटी हॅचबॅक, २०२१ च्या दसऱ्याला घेतलेली. कंपनीची मूळ वॉरंटी ३ वर्षं किंवा १,००,००० किलोमीटर, यातलं जे आधी होईल ते. बाईंचा रोजचा प्रवास फारसा नाही, त्यामुळे किलोमीटरची मर्यादा कधी आडवी येणार नव्हती. वॉरंटी ऑक्टोबर २०२४ मध्ये संपणार, हे पहिल्या दिवसापासून ठरलेलं होतं.

जुलै २०२३ मध्ये फोंड्याहून घरी परतताना, उसगाव ओलांडून पाळीच्या रस्त्याला लागल्यावर गाडी एका बैलावर आदळली. पावसाळ्यात शेतं चिखलाने भरलेली असतात आणि डांबर त्या मानाने लवकर सुकतं, म्हणून मोकाट गुरं रात्री रस्त्यातच बसतात. काळं जनावर, ओला रस्ता, समोरून येणाऱ्या ट्रकचा उजेड. हा धोका गोव्यातल्या प्रत्येक गाडीवाल्याला माहीत आहे आणि तरीही दर पावसाळ्यात हे अपघात होतातच. वेग कमी होता. बैल उठून चालू लागला, बाईंना काही लागलं नाही, एअरबॅग उघडल्या नाहीत. पण गाडीचा पुढचा भाग चेपला आणि खाली हिरवट पाणी गळू लागलं.

इथे बाईंनी जे केलं त्यावर पुढचं बरंच काही टिकून राहिलं. गळणारं पाणी कूलंट, म्हणजे इंजिन थंड ठेवणारं द्रव, आहे हे ओळखून त्यांनी इंजिन लगेच बंद केलं आणि टो व्हॅन येईपर्यंत चावी फिरवली नाही. आपल्याकडे अशा वेळी ‘साखळी दहा-पंधरा किलोमीटरवर आहे, हळूहळू नेऊ’ असा विचार करणारे खूप. फुटलेल्या रेडिएटरवर तेवढं अंतर गाडी चालवली तर इंजिन तापतं, हेड गॅस्केट जातं, सिलिंडर हेड वाकू शकतं. अपघाताचं नुकसान मग पुढच्या जाळीपुरतं न राहता इंजिनात शिरतं. विमा कंपनीही अशा इंजिनाचा खर्च बहुधा नाकारते, कारण तो धडकेचा परिणाम नसून धडकेनंतर गाडी चालवल्याचा परिणाम असतो. जॉब कार्डवर, म्हणजे गाडी दुरुस्तीला घेताना भरतात त्या कागदावर, वर्कशॉपने नोंद केली: ‘गाडी टो करून आणली, इंजिन तापल्याची खूण नाही.’ ही एक ओळ पुढे फार मोलाची ठरली.

दुरुस्ती कंपनीच्या अधिकृत वर्कशॉपमध्ये, विम्याच्या कॅशलेस क्लेममधून झाली, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट वर्कशॉपला दिलं. पुढचा बंपर, जाळी, बोनेट, उजवा हेडलॅम्प, रेडिएटर, त्याचा पंखा, एसीचा कंडेन्सर आणि रेडिएटर ज्यावर बसतो तो वरचा आडवा सपोर्ट, हे सगळं नवं पडलं. बिल सव्वा लाखाच्या पुढे गेलं. झिरो डेप, म्हणजे सुट्या भागांच्या किमतीतून घसारा न कापणारं विमा कवच, असल्यामुळे बाईंच्या खिशातून सक्तीची वजावट (क्लेममधला मालकाने भरायचा ठरावीक वाटा) आणि कूलंट, क्लिपा, एसीचा गॅस असले किरकोळ पैसे गेले. १५०० सीसीपर्यंतच्या गाडीला ही सक्तीची वजावट १,००० रुपये असते. नो क्लेम बोनस, म्हणजे क्लेम न केल्याबद्दल हप्त्यात मिळणारी सूट, मात्र पुढच्या नूतनीकरणाला शून्यावर आला.

वाढीव वॉरंटीच्या दृष्टीने त्या यादीत एक गोष्ट फार महत्त्वाची होती. बदललेला सपोर्ट बोल्टने बसणारा होता. चॅसीचे पुढे येणारे दोन दांडे, ज्यांना वर्कशॉपात साइड मेंबर म्हणतात, त्यांना धक्का लागला नव्हता. कुठेही कापाकापी नाही, वेल्डिंग नाही, फ्रेम ओढून सरळ करणं नाही. गाडी ‘अ‍ॅक्सिडेंटल’ म्हणताना हा फरक कोणी सांगत नाही. चॅसीला मार बसलेली गाडी आणि पुढचे बोल्ट-बसे भाग बदललेली गाडी या दोन अगदी वेगळ्या गाड्या आहेत.

तोंडी नकार

सप्टेंबर २०२४ मध्ये, चवथ (गणेश चतुर्थी) झाल्यावर, बाई सर्व्हिसिंगला गेल्या आणि एक्स्टेंडेड वॉरंटीची चौकशी केली. सर्व्हिस अ‍ॅडव्हायझरने चॅसी नंबर टाकला आणि सांगितलं, “मॅडम, गाडी अ‍ॅक्सिडेंटल दाखवतेय. एक्स्टेंडेड मिळणार नाही.” कुठल्या नियमाने, ते सांगितलं नाही. लेखी द्या म्हटल्यावर, लेखी द्यायची पद्धत नाही असं उत्तर आलं.

त्याच ठिकाणी दुसऱ्या एकाने त्यांना बाजूला घेऊन बाहेरची वॉरंटी सुचवली. कंपनीची नव्हे, तिसऱ्याच कुणाची. तपासणी नाही, प्रश्न नाहीत, पैसे भरा आणि आजपासून चालू. बाईंना हा मार्ग सोपा वाटला होता आणि पैसे भरायची तयारीही झाली होती. मी त्यांना थांबायला सांगितलं. विकताना जो काहीही विचारत नाही, तो क्लेमच्या वेळी सगळं विचारतो. अशा बहुतेक करारांत ‘करार सुरू होण्याआधीपासून असलेला दोष’ वगळलेला असतो. सुरुवातीला गाडी पाहिलेलीच नसेल तर कुठला दोष आधीचा आणि कुठला नंतरचा, हे सिद्ध करायचं ओझं गाडीमालकावर येतं. अपघाताचा इतिहास असलेल्या गाडीच्या मालकाने तर तपासणीशिवाय मिळणारी वॉरंटी घेऊच नये, असं माझं स्पष्ट मत आहे.

काहीजण याच्या उलट टोकाला जातात. अपघात सांगायचाच नाही, दुसऱ्या गावच्या डीलरकडे जाऊन वॉरंटी घ्यायची. याचा उपयोग नाही. अधिकृत वर्कशॉपांची नोंद एकाच यंत्रणेत जाते. चॅसी नंबर टाकला की म्हापशात झालेलं काम मडगावात दिसतं. क्लेमच्या दिवशी ते दिसेल, आणि तेव्हा महत्त्वाची माहिती लपवली म्हणून सगळा करारच हातचा जाईल.

वेळेचा मुद्दा तातडीचा होता. बऱ्याच कंपन्या मूळ वॉरंटी चालू असेपर्यंतच वाढीव वॉरंटी देतात. ती संपली की एक तर दार बंद होतं किंवा अटी कडक होतात. बाईंच्या हातात काही आठवडेच होते, म्हणून पुन्हा काउंटरवर जाऊन वाद घालण्यापेक्षा आम्ही थेट कंपनीच्या ग्राहक सेवेला ईमेल केला आणि डीलरला प्रत पाठवली. मजकूर जाणूनबुजून छोटा ठेवला होता:

‘माझ्या गाडीला जुलै २०२३ मध्ये समोरून धडक बसली होती. दुरुस्ती आपल्याच अधिकृत वर्कशॉपमध्ये, मूळ सुटे भाग वापरून झाली आहे. बिल, जॉब कार्ड आणि सर्व्हे रिपोर्ट सोबत जोडला आहे. मला वाढीव वॉरंटी हवी आहे. आवश्यक असल्यास माझ्या खर्चाने गाडीची तपासणी करावी. वॉरंटी नाकारायची असल्यास कोणत्या अटीनुसार ते लेखी कळवावं. माझी मूळ वॉरंटी ऑक्टोबरमध्ये संपते, त्यामुळे या अर्जाची आजची तारीख ग्राह्य धरावी.’

शेवटचं वाक्य मी आग्रहाने घालायला लावलं. उत्तराला उशीर झाला आणि मुदत टळली, तर अर्ज मुदतीत होता हे दाखवायला तेवढंच हाताशी असतं.

सर्व्हे रिपोर्ट मिळवायला मात्र थोडी धावपळ झाली. गाडीमालकांकडे बहुधा फक्त बिल असतं. सर्व्हेअरने काय पाहिलं आणि कुठल्या भागाला नुकसान नाही असं लिहिलं, ते विमा कंपनीकडे राहतं. मागितल्यावर त्याची प्रत मिळते, आणि मागायलाच हवी. बाईंच्या रिपोर्टमध्ये दोन्ही साइड मेंबर आणि एसीचा कंप्रेसर तपासून ‘नुकसान नाही’ असा शेरा होता. काय मोडलं याची यादी सगळ्यांकडे असते. काय मोडलं नाही, हे लिहिलेला कागद क्वचितच कोणाकडे असतो, आणि वॉरंटीच्या वादात त्याचंच वजन जास्त पडतं.

कंपनीकडून काही दिवसांनी उत्तर आलं: तपासणीच्या अधीन राहून गाडी पात्र ठरू शकते. काउंटरवरचा ‘मिळणार नाही’ तिथेच संपला.

लिफ्टवर

तपासणीला मी बाईंबरोबर गेलो होतो. गाडी लिफ्टवर चढवली आणि तंत्रज्ञाने टॉर्च घेऊन आधी साइड मेंबर पाहिले. कारखान्यात दोन पत्र्यांच्या सांध्यावर सीलरची एक सलग रेघ ओढलेली असते. ती तुटलेली किंवा हाताने पुन्हा भरलेली असेल तर तिथे काम झालंय असं समजायचं. स्पॉट वेल्डचे गोल ठिपके सारख्या अंतरावर आहेत का, तेही त्याने बोट फिरवत पाहिलं. दोन्ही बाजू जशाच्या तशा होत्या. वरच्या सपोर्टच्या बोल्टांवरचा रंग पान्याने खरवडलेला दिसत होता. तो दिसणारच होता, कारण तो भाग बदलल्याचं बिलातच होतं.

मग रंगाच्या थराची जाडी मोजणारं यंत्र. कारखान्यातला रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉनच्या आसपास असतो. बोनेटवर आकडा त्याच्या वर गेला, दारं आणि मागचा भाग मूळच्या रंगातच निघाले. म्हणजे लपवलेला दुसरा अपघात नव्हता. स्कॅनर लावला, बिघाडाचा कोणताही कोड साठलेला नव्हता. कूलंटच्या यंत्रणेला दाब देऊन ठेवला, तो उतरला नाही. एसीला दाब मोजणारं गेज लावून जास्त आणि कमी दाबाच्या अशा दोन्ही बाजूंचे आकडे लिहून घेतले. चाकांच्या अलाइनमेंटमध्ये थोडा फरक निघाला. आपल्या रस्त्यांवरचा एक पावसाळा त्याला पुरेसा असतो. बाईंनी तिथल्या तिथे पैसे भरून ते करून घेतलं आणि आधीचा व नंतरचा असे दोन्ही छापील कागद फाइलला लावले.

एसीच्या दाबाचे आकडे रिपोर्टमध्ये यावेत यासाठी मला थोडं अडून बसावं लागलं. त्यांच्या नमुन्यात फक्त ‘एसी: ठीक’ एवढाच रकाना होता. कंडेन्सर फुटला म्हणजे एसीची बंद यंत्रणा उघडी पडली होती, आणि उद्या एसीत काही झालं की बोट पहिल्यांदा त्याच अपघाताकडे वळणार, हे मला दिसत होतं. शेवटी त्या तंत्रज्ञ मुलाने शेऱ्यात आकडे लिहिले. “बाई, गाडी सारकी आसा,” म्हणजे गाडी ठीक आहे, असं कोकणीत म्हणत त्याने सही केली. बाईंच्या चेहऱ्यावरचा ताण तेव्हा कुठे उतरला.

सर्व्हिसिंगच्या नोंदीही तपासल्या गेल्या. प्रत्येक सर्व्हिस वेळेत आणि अधिकृत ठिकाणी झाली होती. माझ्या पाहण्यात अपघातापेक्षा चुकलेल्या सर्व्हिसमुळे वॉरंटी हातची गेलेली माणसं जास्त आहेत. दोन-तीनशे रुपये वाचवण्यासाठी ऑइल बाहेर बदललं आणि पावती घेतली नाही, ही त्यातली नेहमीची गोष्ट.

एक शब्द: ‘अप्रत्यक्ष’

मंजुरी आली, पण सोबत एक अट जोडून आली. मसुद्यात लिहिलं होतं: ‘वाहनाच्या पुढील भागाचे पूर्वीचे नुकसान आणि त्याच्याशी प्रत्यक्ष वा अप्रत्यक्ष संबंधित कोणताही बिघाड या वॉरंटीतून वगळण्यात येत आहे.’

वाचायला हे रास्त वाटतं. बाईंनाही वाटलं. मी त्यांना बोनेट उघडून दाखवलं. अशा गाडीत इंजिन पुढे, गिअरबॉक्स पुढे, एसीचा कंप्रेसर, अल्टरनेटर, स्टार्टर, स्टिअरिंगची यंत्रणा, चाकांना फिरवणारे ड्राइव्ह शाफ्ट, सगळं पुढेच. ‘पुढील भाग’ आणि ‘अप्रत्यक्ष’ हे दोन शब्द एकत्र ठेवले की वॉरंटीत उरतं काय? दारांच्या काचांच्या मोटारी आणि मागचं थोडंफार. पैसे पूर्ण गाडीचे घ्यायचे आणि जबाबदारी मागच्या निम्म्या गाडीची घ्यायची, असा तो व्यवहार झाला असता. वाईट हेतूने कोणी हे लिहितं असं मी म्हणत नाही. छापील मसुदे असेच ढोबळ असतात. पण सही करणाऱ्यालाच ते नीट करून घ्यावे लागतात, आणि तेही पैसे भरण्याआधी. एकदा पावती फाडली की कोणी मसुद्याला हात लावत नाही.

आम्ही पर्यायी मजकूर पाठवला. वगळायचे भाग नावाने लिहा, अपघाताच्या बिलातल्या पार्ट नंबरसह: रेडिएटर, पंखा, कंडेन्सर, उजवा हेडलॅम्प, वरचा सपोर्ट, बोनेट, बंपर आणि जाळी. त्यापुढे, ‘या भागांच्या बिघाडामुळेच इतर भागाचे नुकसान झाल्याचे तपासणीत लेखी दाखवून दिल्यास तेवढे नुकसान’. म्हणजे कारणाचा संबंध आहे असं म्हणणाऱ्याने तो दाखवायचा. उरलेली गाडी, इंजिन-गिअरबॉक्ससकट, वॉरंटीत.

कंडेन्सर आणि रेडिएटर बाहेर ठेवायला बाई आधी तयार नव्हत्या. त्यांचं म्हणणं होतं, कंपनीचेच नवे भाग कंपनीनेच बसवले, मग ते का नाहीत? मुद्दा अगदी चुकीचा नव्हता. पण बदललेल्या सुट्या भागाला त्याची स्वतंत्र मर्यादित वॉरंटी असते, आणि मंजुरी देणाऱ्या माणसाला स्वतःच्या वरिष्ठांना दाखवायला काहीतरी वगळलेलं लागतं. आठ भाग सोडून बाकी सगळी गाडी मिळत असेल तर तो सौदा घ्यावा, असा सल्ला मी दिला आणि आजही तोच देईन.

दोनदा ईमेलांची देवाणघेवाण झाली आणि मजकूर जवळजवळ आमच्या शब्दांत मान्य झाला. त्यांनी एक वाक्य वाढवलं: इंजिन तापल्यामुळे झालेलं नुकसान, जर ते २०२३ च्या अपघाताशी जोडता आलं तर, वगळलेलं राहील. इथे जॉब कार्डवरची ती ओळ कामी आली. गाडी टो करून आणली होती आणि इंजिन तापलेलं नव्हतं, ही त्यांच्याच वर्कशॉपची नोंद होती. ते वाक्य राहू दिलं.

पैसे भरताना ठरलेल्या रकमेवर १८ टक्के जीएसटी लागला. प्रमाणपत्रावरचा चॅसी नंबर आरसी बुकशी अक्षर-अक्षर ताडून पाहिला, मुदत ऑक्टोबर २०२६ पर्यंतची आहे हे पाहिलं, आणि वगळलेल्या भागांची यादी व तपासणी रिपोर्ट प्रमाणपत्राला जोडल्याचा उल्लेख करून घेतला. आणखी एक गोष्ट पाहिली: हा करार नक्की कोण करतंय? वाहन कंपनी, डीलर, की त्यांच्या मागची एखादी विमा कंपनी? नाव शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असतं. पुढे तक्रार कोणाविरुद्ध आणि कुठे करायची ते त्या नावावरून ठरतं.

कंप्रेसर

मे २०२५ मध्ये, सुट्टीत, एसी चालू केला की घरघर ऐकू यायला लागली. मग थंडावा कमी-जास्त होऊ लागला. वर्कशॉपात गेज लावलं तेव्हा कमी दाबाच्या बाजूला दाब जास्त आणि जास्त दाबाच्या बाजूला दाब कमी निघाला. दोन्ही आकडे असे एकमेकांकडे सरकले की कंप्रेसर आतून गॅस नीट दाबत नाही, असं समजतात. म्हणजे कंप्रेसर बदलायचा. हा महागडा भाग आहे.

पहिलं उत्तर अपेक्षित तेच आलं. २०२३ मध्ये कंडेन्सर फुटला, यंत्रणेत ओल शिरली, त्यामुळे कंप्रेसर गेला, कंडेन्सर वगळलेल्या यादीत आहे, म्हणून क्लेम नाही.

तांत्रिकदृष्ट्या हा युक्तिवाद पोकळ नाही, हे मान्य करायला हवं. एसीचं ऑइल हवेतली ओल पटकन ओढून घेतं. गोव्याच्या पावसाळ्यात यंत्रणा काही दिवस उघडी राहिली आणि नंतर नीट व्हॅक्यूम न करता, म्हणजे आतली हवा आणि ओल खेचून न काढता, गॅस भरला, तर ओल, गॅस आणि ऑइल मिळून आत आम्ल तयार होतं आणि महिन्यांनी कंप्रेसर खातं. ही ओल शोषून घ्यायला यंत्रणेत ड्रायर असतो. यंत्रणा उघडली की तो बदलणं गरजेचं असतं, आणि घाईच्या दुरुस्तीत नेमका तोच राहून जातो.

पण या गाडीत ड्रायर वेगळा नाही, तो कंडेन्सरलाच जोडलेला येतो. अपघाताच्या बिलावरचा पार्ट नंबर संपूर्ण कंडेन्सर असेंब्लीचा होता, म्हणजे ड्रायरही नवा होता. त्याच बिलात मजुरीखाली व्हॅक्यूम आणि गॅस भरणं स्वतंत्र ओळीत होतं. सर्व्हे रिपोर्टमध्ये कंप्रेसरला नुकसान नसल्याचा शेरा होता. आणि सप्टेंबर २०२४ च्या तपासणीत, दुरुस्तीनंतर वर्षभराने, दोन्ही बाजूंचे दाब व्यवस्थित असल्याचे आकडे होते. बाईंनी हे सगळं एका पानावर लिहून पाठवलं आणि शेवटी मागणी केली: काढलेल्या कंप्रेसरमधलं ऑइल माझ्यासमोर पाहा, आणि अपघाताशी संबंध आहे असं वाटत असेल तर करारातल्या मजकुराप्रमाणे लेखी दाखवा.

ऑइल पाहताना मी होतो. कंप्रेसर उलटा करून ऑइल पारदर्शक बाटलीत काढलं आणि थोडं पांढऱ्या टिश्यूवर टाकलं. ओल आणि आम्लाने खाल्लेल्या कंप्रेसरचं ऑइल तपकिरी, कधी काळपट असतं आणि त्याला जळका वास येतो. आतला भाग घासला गेला असेल तर टिश्यूवर चकाकणारी धातूची भुकटी उरते. इथे ऑइल स्वच्छ होतं, टिश्यू पिवळसर ओला झाला आणि त्यावर काही उरलं नाही. वर्कशॉपच्या माणसांनी स्वतःच फोटो काढून वर पाठवले. कंप्रेसरच्या आतल्या व्हॉल्व्हचा दोष, असं निदान झालं आणि क्लेम मंजूर झाला. कंप्रेसर आणि मजुरी वॉरंटीतून मिळाली. गॅस आणि ऑइलचे पैसे उपभोग्य वस्तू म्हणून बाईंनी भरले, तसं करारात होतं.

क्लेम नाकारला गेला असता तर पुढची पायरी ठरलेली होती. आधी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार, मग जिल्हा ग्राहक आयोग. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार ग्राहक जिथे राहतो तिथल्या आयोगाकडे तक्रार करता येते, त्यामुळे साखळीच्या बाईंना उत्तर गोव्याचा आयोग पुरला असता. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला फी नाही आणि मुदत दोन वर्षांची. मात्र ‘अप्रत्यक्ष’ असलेल्या मूळ मसुद्यावर सही झाली असती, तर त्या कलमालाच अन्यायकारक करार म्हणून आव्हान द्यावं लागलं असतं, आणि तसे वाद जिल्हा आयोगाकडे नव्हे, राज्य आयोगाकडे जातात. म्हणजे एका शब्दासाठी वाट लांबली असती.

इथे एक मर्यादा सांगणं मला आवश्यक वाटतं. हीच गाडी जर पुरात बुडालेली असती तर मी हे प्रकरण हातात घेतलं नसतं. २३ जुलै २०२१ च्या पुरानंतर सत्तरी, डिचोली भागात पाणी शिरलेल्या गाड्या मी पाहिल्या आहेत. बाहेरून धुऊन-पुसून चकचकीत दिसतात, पण वायरिंगच्या जोडांत हिरवा गंज महिनोन् महिने पसरत राहतो आणि कुठला बिघाड कधी उगवेल ते कोणी सांगू शकत नाही. चॅसी कापून जोडलेली गाडी किंवा विम्याने टोटल लॉस, म्हणजे दुरुस्त करणं परवडणार नाही असं, ठरवून सोडून दिलेली गाडी, तिचंही तेच. अशा गाडीला कंपनीने वॉरंटी नाकारली तर त्यात अन्याय नाही. तसंच खासगी पाटीची गाडी सीझनमध्ये गुपचूप पर्यटकांना भाड्याने देणाऱ्यांनीही वाढीव वॉरंटीची आशा धरू नये. व्यावसायिक वापर उघड झाला की वॉरंटी आणि विमा, दोन्ही अडचणीत येतात.

कंप्रेसर बदलला त्याच वर्षीच्या, म्हणजे २०२५ च्या, पावसाळ्यात बाईंच्या गाडीचा उजवा हेडलॅम्प आतून धुरकट झाला, काचेत वाफ धरू लागली. वर्कशॉपने वगळलेल्या भागांची यादी काढली, हेडलॅम्प त्यात होता. सुटा भाग म्हणून त्याला असलेल्या वॉरंटीची मुदतही संपलेली होती. बाईंनी वाद न घालता स्वतःच्या पैशाने तो बदलून घेतला आणि बिल फाइलला लावलं.